मधला उलटा, राहू द्या

शनिवार पेठेतल्या आमच्या दुकानाच्या काचेवर माझ्या अक्षरात एक पाटी आहे. तिच्यात चार कलमं आहेत.

१. 'लूज काँटॅक्ट असेल' हे निदान बाहेर ठेवून आत यावे.
२. व्हिडिओ पाहून उघडलेल्या गिटारींची रांग वेगळी आहे.
३. 'दुरुस्तीवाले भाऊ कुठे गेलेत?' असे विचारू नये. दुरुस्ती मीच करते.
४. काय बिघडले आहे ते आम्ही सांगू.

लोक पाटी वाचतात, हसतात, फोटो काढतात, आत येतात आणि म्हणतात, "ताई, बहुतेक लूज काँटॅक्ट असेल. भाऊ नाहीत का?"

पहिल्या तीन कलमांवर मी आजही ठाम आहे. हा लेख चौथ्याबद्दल आहे.

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी साधारणपणे निवृत्त माणसं लिहितात, हे मला माहीत आहे. मी एकतीस वर्षांची आहे. निवृत्तीला बराच अवकाश आहे, पण मागच्या वर्षी एका गिटारीपुरती माझी अक्कल चार दिवस निवृत्त झाली होती. तेवढ्या पात्रतेवर लिहिते आहे.

मी मूळची पत्रकवाली. कॉलेजात असल्यापासून बिबवेवाडीच्या चौकात उभी राहून मी पत्रकं वाटली आहेत. फुटपाथ, नळाचं पाणी, कापलेली झाडं, सगळ्यावर. पत्रक लिहिण्याची एक रीत असते. पहिल्या ओळीत शत्रू, दुसऱ्या ओळीत त्याचा गुन्हा, तिसऱ्या ओळीत आपली मागणी. चौथी ओळ कुणी वाचत नाही. ही रीत एकदा अंगात मुरली की पुढे दूधवाल्याला लिहिलेली चिठ्ठीसुद्धा निषेधपत्र होते.

त्यातलंच एक आंदोलन होतं, 'वस्तू फेकू नका, दुरुस्त करा.' ऐन सभेत आमचा हातातला भोंगा बंद पडला. तो घेऊन मी हमीदचाचांच्या दुकानात गेले. त्यांच्या घरात तीन पिढ्या दुरुस्तीचंच काम. आजोबा बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे, वडील रेडिओ, आणि चाचा ऑर्केस्ट्रावाल्यांचे अँप्लिफायर आणि गिटारी. त्यांनी भोंगा उघडला, फुंकर मारली, एक वायर जोडली आणि माझ्या हातातलं पत्रक वाचलं.

"चांगलं लिहिलंय. तुम्हाला येतं का दुरुस्त करायला?"

"नाही."

"मग लोकांना कशाच्या जोरावर सांगताय?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, आणि गेली सात वर्षं तिथेच आहे. चाचा खूश असले की मला 'बेटा' म्हणतात. रागावले की 'मॅडम.'

आता कामाबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप नावाची पट्टी असते. पट्टीत लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर तार थरथरली की खाली वेढ्यांत किंचित वीज तयार होते, आणि ती अँप्लिफायरमध्ये जाऊन आवाज होते. बस्स, एवढंच. बऱ्याच गिटारींना असे तीन पिकअप असतात आणि एक आडवा सरकणारा स्विच असतो. स्विचच्या पाच जागा. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागेवर एकेकटा पिकअप बोलतो. दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर मधला पिकअप शेजारच्याला धरून बोलतो. दोघांच्या वायरी एकाच बाजूने जोडल्या असतील तर आवाज गोल, भरलेला येतो. एकाच्या वायरी उलट्या असतील तर एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. सगळा भरीव भाग आपसांत मरतो आणि उरतो तो पातळ, नाकातून आल्यासारखा आवाज. एकाच पक्षाचे दोन नगरसेवक एका प्रभागात काम करतात तेव्हा जे होतं, तेच. काम मरतं, आवाज राहतो.

माझ्याकडे येणाऱ्या दहा गिटारींतल्या बहुतेकींना फक्त जीभ नसते, बाकी सगळं ठीक असतं. तक्रार मालकांकडून ऐकावी लागते, आणि ते मात्र भरपूर बोलतात.

एक आयटीवाले गृहस्थ आले. गिटार त्यांच्या गाडीच्या हप्त्याइतकीच मौल्यवान. तक्रार अशी, की घरी वाजवली की घूं असा आवाज येतो. दुकानात मात्र गप्प. त्यांनी तीन वेळा पिकअप बदलून घेतले होते आणि एकदा वास्तुवाल्याला बोलावून खोली बदलली होती. मी म्हटलं, घरी येते. गेले. उंच इमारत, खाली कारंजं, वर व्यायामशाळा. मी मीटर काढून भिंतीतला प्लग तपासला. तिसऱ्या भोकाला अर्थिंगच नव्हतं. भोक होतं, मागे वायर नव्हती. शेजारच्या घरात तपासलं, तिथेही नव्हती. बिल्डरने पूर्ण इमारतीत भोकं दिली होती.

"म्हणजे गिटार ठीक आहे?" ते म्हणाले.

"गिटार एकदम ठीक आहे. तुमची इमारत नादुरुस्त आहे."

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं आणि त्यांच्या लिफ्टमध्ये चिकटवलं. 'रहिवाशांनो, तुमच्या भिंतीत फसवणूक आहे.' आठवड्याने सोसायटीचं पत्र आलं. लिफ्टमध्ये विनापरवाना कागद चिकटवल्याबद्दल खुलासा करावा. अर्थिंगबद्दल एक अक्षर नाही. पुढे चेअरमनसाहेबांना स्वतःच्या फ्रिजने झटका दिला तेव्हा पंधरा दिवसांत वायर आली. पत्रकापेक्षा फ्रिज प्रभावी ठरला.

दुसरा एक यवतमाळचा पोरगा, इथे इंजिनिअरिंगला. त्याची गिटार मधल्या जागेवर मुकी व्हायची. उघडली तर आत मेथीचा वास. घूं आवाज थांबावा म्हणून आतून चंदेरी कागद लावतात, हे त्याने व्हिडिओत पाहिलं होतं. ते खरंच आहे. याने डब्यातल्या पराठ्याभोवतीचा कागद लावला होता. तो सुटून स्विचच्या पायांना टेकत होता.

"हे काय आहे रे?"

"आईनं पाठवले होते न जी पराठे. कागद चांगला होता, फेकू कशाला."

वस्तू फेकू नका, दुरुस्त करा. माझंच आंदोलन माझ्यासमोर पराठ्याच्या वासाने उभं होतं. मी कागद काढला.

अशा गिऱ्हाइकांमुळे माझी एक खात्री झाली होती. लोकांना काही कळत नाही आणि आधीच्या दुरुस्तीवाल्यांनी सगळीकडे घाण करून ठेवली आहे. ती निस्तरण्यासाठी आपला जन्म आहे.

चाचांची रीत मात्र वेगळी होती. गिटार उघडली की वायरी जोडायची सोल्डरगन तापत ठेवायची, पण हातात घ्यायची नाही. आधी वही. जाड पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची. प्रत्येक गिटारीचं एक पान. आतल्या वायरी जशा आहेत तशा पेन्सिलीने काढायच्या. खाली गिऱ्हाइकाचं नाव, आणि तो काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत. गिटार आधी येऊन गेलेली असेल तर जुनं पान शोधायचं. हे झाल्याशिवाय सोल्डरला हात नाही.

मला हे वेळखाऊ वाटायचं. "चाचा, मोबाईलमध्ये फोटो निघतो की."

"फोटोत वायर दिसते, बेटा. ती तशी का आहे ते दिसत नाही."

मी मान डोलवायची आणि ते जेवायला गेले की फोटो काढायची.

मागच्या वर्षी चाचांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धूर, धूळ, बारीक काम बंद सांगितलं. दुकान माझ्यावर आलं. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, मोहनकाका शेलार आले.

मोहनकाका कात्रजला राहतात. एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले, पण खरा जन्म ऑर्केस्ट्रात गेलेला. लग्नाचे स्वागतसमारंभ, गणपती, वाढदिवस, बँकेच्या कर्मचाऱ्यांचं स्नेहसंमेलन. तीस वर्षं स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहून गाण्यांच्या मधले गिटारचे तुकडे वाजवणारा माणूस. प्रेक्षक टाळी गायकाला देतात. अँकर नाव घेतो तेही चुकीचं, 'गिटारवर मोहनजी शिंदे.' ते मान झुकवतात. शिंदे तर शिंदे.

"ताई, स्विच खरखरतो," ते म्हणाले. "चौथ्या जागेवर नेला की खर्र होतं आणि मधेच आवाज जातो. मागच्या कार्यक्रमात दोनदा गेला."

"बदलून टाकू."

"रविवारी पाचला कार्यक्रम आहे." ते थोडं थांबले. "नितीनशेठ म्हणाले, काका, परत खरखर झाली तर गिटार आपण कीबोर्डवरच वाजवून घेऊ."

नितीनशेठ म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक. कीबोर्डवर गिटारचं बटण असतं. ते दाबलं की गिटारसारखा आवाज येतो आणि एक माणूस, त्याचं जेवण आणि गाडीतली त्याची जागा वाचते.

"एक काम जरा सांभाळून करा," मोहनकाका म्हणाले. "फक्त स्विच. बाकी काही..."

"काका, काय बिघडलंय ते आम्ही सांगू. पाटी वाचली ना?"

त्यांनी मागे वळून पाटी पुन्हा वाचली. सभ्य माणूस. गप्प बसले.

मी गिटार उघडली. स्विचचे पाय हिरवे पडले होते. नवा लावला. वही काढली नाही. जुनं पान शोधलं नाही. अँप्लिफायर लावून पाची जागा तपासल्या. खरखर गेली होती, पण दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर आवाज पातळ, नाकातला. म्हणजे आणखी एक दोष. मधला पिकअप काढून खालून पाहिला. पांढरी वायर जिथे हवी तिथे काळी, काळी हवी तिथे पांढरी. कुणीतरी वायरी बदलल्या होत्या आणि उलट्या लावल्या होत्या.

माझं डोकं सटकलं. इतकी वर्षं हा गरीब माणूस सदोष गिटार वाजवतोय आणि कुणी त्याला सांगितलंसुद्धा नाही. मी मधला पिकअप सुलटा केला, तोही फुकट. चौथ्या जागेवर असा गोल, भरदार आवाज आला की मलाच भरून आलं. आणि मग माझ्यातली पत्रकवाली जागी झाली.

शहरातल्या गिटारवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. वायरी बदलण्याआधी काढलेला खालच्या बाजूचा फोटो मी तिथे टाकला आणि खाली लिहिलं:

'गिटार वाजवणाऱ्या पुणेकरांनो, हा फोटो नीट पाहा. मधल्या पिकअपच्या दोन्ही वायरी उलट्या. हे ज्याने केलं त्याला एक तर डोळे नव्हते किंवा लाज नव्हती. अशा माणसांच्या हातातून सोल्डरगन काढून घ्या, ही आमची मागणी आहे.'

पहिल्या ओळीत शत्रू नव्हता, कारण त्याचं नाव मला माहीत नव्हतं. बाकी रीत सांभाळली होती. लोकांनी भरभरून हसरे चेहरे टाकले. तिघांनी पुढे पाठवलं. शुक्रवारी मोहनकाका गिटार घेऊन गेले. मी त्यांना सांगितलं, "काका, एक जुना दोषही काढलाय. आता ऐका फरक." त्यांना बसस्टॉप गाठायचा होता. शनिवारी तालीम होती.

रविवारी दुकान बंद असतं, पण मला राहिलेलं काम होतं. दहाच्या सुमारास काचेवर टकटक झाली. मोहनकाका गिटार छातीशी धरून उभे. डोळे रात्रभर न मिटल्यासारखे.

"ताई, आवाज गेला."

"बंद पडली?"

"चालू आहे. आवाज गेला."

मी अँप्लिफायर लावला. त्यांनी चौथ्या जागेवर एक तुकडा वाजवला. मोठा, गोड, गोल. मी म्हटलं, "काका, उत्तम येतोय की. हाच बरोबर आवाज आहे. पुस्तकात बघा हवं तर."

"बरोबर असेल. माझा नाही."

"तुमच्या कानाला चुकीच्या आवाजाची सवय झालीय."

"असेल." ते तार दाबून तिच्याकडे बघत राहिले. "काल तालमीत ढोलकी सुरू झाली आणि माझं काहीच ऐकू येईना. सगळं त्या ढोलकीच्या घुमण्यात विरघळून गेलं. कीबोर्डवाल्या पोराने तोच तुकडा बटण दाबून वाजवला. नितीनशेठ म्हणाले, अरे, हे बरं ऐकू येतंय."

मी मीटर काढला. मीटरवर सगळं बरोबर होतं हे मी त्यांना दाखवत होते. त्यांच्या पोटावर पाय येत होता आणि मी आकडा दाखवत होते.

तेवढ्यात दार उघडलं. काळा गॉगल लावून, नातीचा हात धरून हमीदचाचा आत आले. त्यांना डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केली होती. नात बाहेर स्कूटरपाशी जाऊन थांबली. चाचा स्टुलावर बसले.

"वाजवा, मोहनभाई. चार नंबर."

मोहनकाकांनी वाजवलं.

"मधला कुणी सुलटा केला?"

"मी," मी म्हटलं. "कुणीतरी उलटा लावला होता."

"मी लावला होता."

दुकानात अँप्लिफायरची बारीक सळसळ तेवढी ऐकू येत होती.

"सकाळी मोहनभाईंचा फोन आला, मग नातीने फोटो दाखवला," चाचा म्हणाले. "एका डोळ्याने पाहिला. पण स्वतःचं सोल्डर माणूस ओळखतो. तुम्ही लिहिलंय ते तिने वाचून दाखवलं, मॅडम. डोळे नव्हते म्हणालात. तेव्हा होते. मोतीबिंदू आत्ताचा आहे."

मी हातातला मीटर खाली ठेवला.

"आणि लाजही होती. वही काढा."

मी वही काढली. मागचा गठ्ठा उपसून मोहनकाकांचं पान शोधलं. पेन्सिल पुसट झाली होती, पण वाचता येत होतं. आकृती, आणि खाली चाचांच्या अक्षरात: 'मधला उलटा. गणपतीच्या घाईत चूक माझी. दुसऱ्या दिवशी बोलावलं. गिऱ्हाईक म्हणतो, राहू द्या.'

"मी बोलावलं यांना," चाचा म्हणाले. "म्हटलं, मोहनभाई, चुकलो, आणा, करून देतो. हे काय म्हणाले, विचारा."

मोहनकाका संकोचाने हसले. "काल हॉलमध्ये पहिल्यांदा मी मला ऐकू आलो, असं म्हणालो होतो."

बँडबाजा, ढोलकी, फाटके स्पीकर, मागे भांड्यांचा आवाज. या सगळ्यातून गोल आवाज वर येत नाही. पातळ येतो. आमच्या दृष्टीने सदोष असलेला तो नाकातला आवाज मोहनकाकांनी हाताशी धरला आणि तीस वर्षं आपले सगळे तुकडे त्याच्यावर बसवले. कुठली तार किती दाबायची, कुठे थांबायचं, सगळं. मी त्यांच्या गिटारीतून दोष काढला नव्हता, त्यांना काढलं होतं.

"लगेच करून देते," मी म्हटलं. आणि इथे माझी दुसरी चूक झाली. घाईघाईत मी मधला पिकअप पुन्हा खोलला, आणि माझाच तो बदनामीचा फोटो समोर ठेवून वायरी होत्या तशा उलट लावायला घेतल्या. त्या फोटोचा तेवढा एकच उपयोग झाला. पण चार दिवसांत दुसऱ्यांदा उष्णता लागली होती. पांढरी वायर ओढली आणि तिच्याबरोबर केसाहून बारीक तांब्याचं टोक तुटून आलं. मीटरचा काटा मेला.

मोहनकाकांनी घड्याळात पाहिलं. अकरा वाजून गेले होते.

"काय झालं?" चाचांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं, पण माझा श्वास ऐकू गेला असावा.

"वेढ्याचं टोक तुटलं."

"बाहेरचं की आतलं?"

आतलं टोक हजारो वेढ्यांच्या पोटातून येतं. ते तुटलं की पिकअप गेला. मी भिंग लावलं. तांब्याचा तो तुकडा शोधायला मला किती वेळ लागला ठाऊक नाही.

"बाहेरचं."

"मग जगला. एक वेढा सोडवा. एकच. पुढचं टोक पॉलिशपेपरने हलकं घासा. श्वास बाहेर सोडून मग सोल्डर लावा."

"चाचा, तुम्ही..."

"मला धूर चालत नाही. आणि तोडलाय तुम्ही."

मी एक वेढा सोडवला. मोहनकाका बाहेर जाऊन नातीशेजारी उभे राहिले, बघवेना म्हणून. चाचा गॉगलमागून माझ्या दिशेला तोंड करून बसले आणि एकसारखं काहीतरी बोलत राहिले, त्यांच्या वडिलांच्या रेडिओंबद्दल, उगीचच. माझा हात स्थिर होईपर्यंत बोलले. सोल्डर बसलं. काटा हलला.

काम झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "वायरी दुसऱ्या टोकाला, स्विचपाशी फिरवल्या असत्या ना, तर पिकअपला हात लावावाच लागला नसता."

खरं होतं. पण मी फोटोप्रमाणे करत होते. चूक परत करायची होती तर तीही मला नियमाप्रमाणे हवी होती.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम."

पाच वाजता मी त्या हॉलमध्ये मागे उभी होते. कुणा साहेबांच्या एकसष्टीचा कार्यक्रम होता. निम्मे लोक जेवत होते. अँकर म्हणाला, "आणि गिटारवर, मोहनजी शिंदे." तिसऱ्या गाण्यात ढोलकी सुरू झाली, कीबोर्ड सुरू झाला, मागे ताटांचा खणखणाट. आणि या सगळ्याच्या वरून तो पातळ आवाज आला, सर्दी झालेल्या सनईसारखा, हट्टी, बेढब आणि स्वच्छ. खर्र नाही. मोहनकाका तारांकडे बघतसुद्धा नव्हते. टाळी गायकाला पडली.

नितीनशेठ कार्यक्रमानंतर स्टेजवर आले. "काका, आज क्लिअर आलं सगळं. नवी घेतली का?"

"नाही, तीच. दुरुस्त केली."

"बरं. पुढच्या महिन्यात बारामती आहे. पांढरा शर्ट लागेल."

एवढंच. मोहनकाकांनी गिटार पेटीत ठेवली आणि माझ्याकडे पाहून मान झुकवली, अँकरला झुकवतात तशीच.

सोमवारी मी ग्रुपवर जाहीर खुलासा टाकला. या वेळी पहिल्या ओळीत शत्रूचं नाव होतं, माझं. दुसऱ्या ओळीत गुन्हा. तिसऱ्या ओळीत मागणी, की मूळ मजकूर कुणी पुढे पाठवू नये. तिघांनी अंगठे टाकले. एकाने 'ओके' लिहिलं. मूळ फोटो मात्र अजून शहरात फिरतो आहे. परवा माझ्या मावसबहिणीनेच मला पाठवला. 'ताई, बघ, पुण्यात कसली कसली कामं करतात लोक.'

चाचा महिनाभर मला मॅडम म्हणत होते. मग एक दिवस नवा डोळा उघडून त्यांनी वही मागितली आणि मोहनकाकांचं पान काढलं. त्यांच्या ओळीखाली मी लिहिलेलं होतं: 'मी सुलटा केला. चूक माझी. परत उलटा. बाहेरचा एक वेढा कमी.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. "अक्षर मोठं काढ, बेटा. पुढच्याला वाचता आलं पाहिजे."

पाटी मी बदलली आहे. पहिली तीन कलमं तशीच आहेत, त्यांच्याबद्दल चर्चा होणार नाही. चौथं आता असं आहे:

४. काय बिघडले आहे ते आम्ही सांगू. काय बिघडलेले नाही, ते आधी तुम्ही सांगा.

लोक फोटो काढतात, आत येतात आणि म्हणतात, "ताई, लूज काँटॅक्ट असेल बहुतेक." मी वही उघडते, पेन्सिल घेते आणि लिहून घेते. त्यांच्या शब्दांत.